प्लाऊ येऊन गेला म्हणजे बर्फ उचलला असं नसतं हो

इथे कॅनडात, मॉन्ट्रियलमध्ये डिसेंबर लागला की मला एक तरी फोन येतोच. "अरे काल प्लाऊ येऊन गेला, रस्ता काळा कुळकुळीत दिसतोय, मग आज माझी गाडी का उचलली?" (प्लाऊ म्हणजे पुढे पातं लावलेली, बर्फ ढकलणारी गाडी.) इतक्या वेळा उत्तर दिलंय की आता एकदाच लिहून टाकतो.

मॉन्ट्रियलमध्ये बर्फाची दोन वेगवेगळी कामं होतात, नावं फ्रेंच आहेत. एक देब्लेमाँ, म्हणजे प्लाऊने बर्फ कडेला ढकलणं. दुसरं शार्जमाँ, म्हणजे तो कडेचा बर्फ ट्रकमध्ये भरून घेऊन जाणं. आपण दोन्हीला "साफ केला" म्हणतो आणि तिथेच माती खातो. खरं तर मराठी घरात वाढलेल्याला हे अवघड जायला नको. केर काढणं वेगळं, केर भरणं वेगळं. केर काढून कोपऱ्यात ढीग केला आणि सुपली न घेता तसेच खेळायला पळालो तर आई काय म्हणायची ते आठवा. प्लाऊ फक्त केर काढतो. भरणारी टोळी नंतर येते, कधी दुसऱ्या दिवशी, कधी चार दिवसांनी.

प्लाऊ सगळ्यांनी पाहिलाय, त्यावर फार बोलत नाही. साधारण २.५ सेंटिमीटर साचला की निघतात, मागून मीठ टाकतात, उणे १५ च्या आसपास मीठ फारसं चालत नाही म्हणून मग बारीक खडी. गाडी हलवायची गरज नाही. जाताजाता तुमच्या गाडीला लागून गुडघाभर भिंत उभी करून जातो, त्याला शिव्या घालून उपयोग नाही, त्याला गाड्या चालायला मधली पट्टी मोकळी करायचीये.

आता शार्जमाँ. हे प्रत्येक स्नोला होत नाही. साधारण १० ते १५ सेंटिमीटर साचला, किंवा दोन-तीन छोटे स्नो मिळून तेवढा झाला, की शहर ठरवतं आणि मग सगळ्या १९ बरोंमध्ये (म्हणजे शहराच्या विभागांमध्ये) गल्ली-गल्लीने काम चालतं, एका वेळी एक बाजू. सगळं शहर उरकायला कित्येक दिवस जातात. म्हणजे बघा, रविवारी स्नो पडला, सोमवारी प्लाऊने रस्ता मोकळा केला, मंगळवारी लख्ख ऊन, बुधवारी तुम्ही विसरलात, आणि बुधवारी दुपारी तुमच्या गल्लीत नारिंगी पाट्या लागतात, बर्फ उचलायचाय, या वेळेत इथे गाडी लावू नका, असं सांगणाऱ्या. माणूस म्हणतो, बर्फ तर कधीच साफ झाला, पाटी जुनी असेल. पाटी जुनी नसते! माझ्या पहिल्या हिवाळ्यात मीही हेच म्हणालो होतो. सकाळी गाडी जागेवर नाही, चोरीला गेली म्हणून पोलिसांकडे निघालो, तर शेजारच्या आजी म्हणाल्या, पुढच्या गल्लीत बघ. होती तिथेच, वायपरखाली दंडाची पावती. इथे गाडी बहुतेक वेळा लांब कुठे नेत नाहीत, जवळच्या रस्त्यावर सोडतात.

त्यानंतर एकदा रात्री दोनला मुद्दाम खिडकीत उभा राहिलो. आधी टोइंगवाल्याचा भोंगा, वरखाली होणारा, तो ऐकून लोक पायजम्यावर जॅकेट घालून गाडी काढायला धावतात. मग फूटपाथवरचा छोटा ट्रॅक्टर, तो फूटपाथचा बर्फ रस्त्यावर ढकलतो (हो, मुद्दाम). मागून ग्रेडर, तो सगळ्याची एक लांबच लांब रास करतो. मग राक्षसासारखा स्नोब्लोअर ती रास गिळत जातो आणि बाजूने त्याच वेगाने चालणाऱ्या ट्रकमध्ये फवारतो, एक ट्रक भरला की थांबायचं नाही, मागचा पुढे येतो. हे यंत्र इथलंच बरं का. आर्थर सिकार नावाच्या क्युबेकच्या माणसाने १९२५ मध्ये बनवलं आणि आपल्या इथल्या उत्रमों भागाने सुरुवातीलाच एक विकत घेतलं.

ट्रक जातात कुठे? काही ठिकाणी बर्फ थेट गटारात सोडतात, सांडपाणी कोमट असतं त्यात तो वितळतो. बाकीचा डंपवर, म्हणजे बर्फ टाकायच्या जागेवर. सगळ्यात मोठा डंप शहरातल्याच साँ-मिशेल भागातली फ्राँकों खाण, जुनी चुनखडीची. तिथला मळकट डोंगर उन्हाळ्यात आपण शॉर्ट्स घालून फिरतो तरी शिल्लक असतो.

"ढकलून ठेवला ना, मग उचलायचा खर्च कशाला" असं म्हणणाऱ्यांनी फेब्रुवारी २०२५ आठवावा. दोन वादळं मिळून चार दिवसांत ७० सेंटिमीटरच्या वर पडला. प्लाऊ फिरत होते, पण ढकलायला जागाच नाही, रस्ते निम्मे झाले, अँब्युलन्स जाईल का याची भीती. ढकलणं चालत्या गाड्यांसाठी असतं, उचलणं पुढच्या स्नोला जागा करण्यासाठी.

सगळ्यात जास्त घोळ टोरांटोहून आलेल्यांचा होतो. तिकडे बहुतेक गल्ल्यांत फक्त ढकलतात, उचलतात ते फार मोठं वादळ झालं तर आणि तेही निवडक रस्त्यांवर. त्यामुळे "प्लाऊ गेला, विषय संपला" हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. इथे प्लाऊ गेला की विषय सुरू होतो.

ॲप ठेवा, इन्फो-नेज, कुठल्या गल्लीत बर्फ कधी उचलणार ते त्यात दिसतं, माझा जीव की प्राण. त्यात "नियोजित" दिसलं की गाडी हलवा, खिडकीतून रस्ता कसा दिसतो ते बघत बसू नका. आणि गाडीभोवतीचा बर्फ खणून रस्त्याच्या मध्ये फेकणारे जे आहेत ना, त्यांना माझा साष्टांग नमस्कार, तसं फेकणं नियमात बसत नाही आणि पुढचा प्लाऊ तो परत तुमच्याच गाडीवर आणून टाकतो.

पाटीवरची वेळ बहुतेक ७ ते १९ नाहीतर १९ ते ७ असते. १९ म्हणजे संध्याकाळचे सात. हेही विचारायला फोन येतात.