हँडल, मोटारसायकलचे : बदली व निवड

मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला दिशा देणाऱ्या आणि क्लच, ब्रेक, ॲक्सिलेटर व स्विच ज्यावर बसवलेले असतात अशा वाकवलेल्या नळीस हँडल म्हणतात. ग्रामीण विदर्भात ते बदलण्याचा प्रसंग बहुधा वाकल्यावरच येतो. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत गाडी घसरणे, रात्री रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर आडवे येणे आणि स्टँडवरून गाडी कलंडणे ही त्याची नेहमीची कारणे होत. हौसेखातर हँडल बदलणाऱ्यांचे प्रमाण त्या मानाने थोडे आहे.

हँडलचा उगम सायकलीच्या पूर्वरूपात शोधला जातो. कार्ल फॉन ड्राइस याने 1817 मध्ये मानहाइम येथे चालवलेल्या दुचाकी लाकडी धावयंत्रास पुढचे चाक वळवण्यासाठी दांडा होता. मोटारसायकलपुरते पाहिले, तर पहिले हँडल कोणाचे हा प्रश्न पहिली मोटारसायकल कोणती या वादाशी निगडित आहे. वाफेवर चालणारी वाहने गृहीत धरल्यास फ्रान्समधील मिशो-पेरो व अमेरिकेतील सिल्व्हेस्टर रोपर यांची, साधारणतः 1867 ते 1871 या काळातील वाहने आधी येतात; पेट्रोल इंजिन हा निकष मानल्यास गोटलिब डाइमलर व विल्हेल्म मायबाख यांच्या 1885 च्या लाकडी वाहनाकडे मान जातो. मूठ पिळून वेग वाढवण्याच्या युक्तीबाबतही असेच मतभेद आहेत. काही लेखक तिचे श्रेय विसाव्या शतकाच्या आरंभीच्या ग्लेन कर्टिस या अमेरिकी मोटारसायकल-निर्मात्याला, तर काही त्याच काळातील इंडियन या अमेरिकी कंपनीला देतात. रोपरच्या वाहनात मात्र हँडल फिरवूनच वाफेचे नियंत्रण होत असे. त्यामुळे कल्पना रोपरची आणि तिला रूढ स्वरूप देण्याचे काम पुढच्या पिढीचे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ॲक्सिलेटर उजव्या हातात असण्याचा संकेतही आरंभापासूनचा नाही. इंडियनच्या अनेक गाड्यांत तो दीर्घकाळ डाव्या मुठीत होता.

निवडीत पहिला विचार व्यासाचा करावा लागतो. भारतातील बहुतेक प्रवासी मोटारसायकलींच्या हँडलचा बाहेरील व्यास 22.2 मिमी, म्हणजे पाऊण इंचाहून एक अष्टमांश अधिक असतो. सायकलींच्या मुठींकडेही हेच माप रूढ असल्याने ते तेथूनच आले असावे. मोठ्या क्रूझर गाड्यांवर 25.4 मिमीचे हँडल आढळते. मध्यभागी 28.6 मिमी जाड आणि मुठींकडे 22.2 मिमीपर्यंत निमुळते होणारे हँडल आधी शर्यतीच्या व आता साहसी प्रवासाच्या गाड्यांवर दिसते. हँडल गाडीवर पकडून ठेवणाऱ्या क्लॅम्पचा व्यास जुळत नसेल, तर आकार कितीही पसंत पडला तरी ते हँडल बाद समजावे; पत्र्याची पट्टी गुंडाळून बारीक हँडल जाड क्लॅम्पमध्ये बसवण्याचा प्रकार धोक्याचा आहे.

यानंतर रुंदी, उंची व मागचा झोक ही मापे येतात. रुंदी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, उंची क्लॅम्पच्या मध्यापासून मुठीच्या मध्यापर्यंत आणि झोक मुठी चालकाकडे किती वळल्या आहेत यावरून मोजतात. रुंद हँडलमुळे जोर कमी लागतो. तथापि दोन्ही बाजूंना बाभळी आणि पऱ्हाटी (कपाशीची झाडे) असलेल्या पांदणीतून जाताना त्याची टोके व आरसे अडकतात. मागे दुधाच्या कॅन आणि टाकीवर खताची पिशवी असेल, तर हँडल पूर्ण वळवून मूठ व टाकी यांत बोटे सापडत नाहीत ना, हे पाहावे लागते. एकाच नळीऐवजी प्रत्येक शॉकअपला (पुढच्या चाकाच्या दोन बाजूंच्या दणके शोषणाऱ्या नळ्यांना) स्वतंत्र पकडणारे, क्लिप-ऑन नावाचे आखूड हँडल अशा वापरास सोयीचे नाही.

उंच हँडल बसवताना वायरींची लांबी निर्णायक ठरते. हँडल 5 सेंमी उंच झाले, तर क्लच, ॲक्सिलेटर आणि पुढचा ब्रेक यांच्या वायरी, डिस्क ब्रेक असल्यास त्याचा होज, तसेच स्विचच्या तारा जवळपास तितक्याच तोकड्या पडतात. याची परीक्षा सोपी आहे. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून इंजिन मंद चालू ठेवावे आणि हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यावे. मूठ न पिळता इंजिनाचा आवाज चढला, तर ॲक्सिलेटरची वायर ओढली जात आहे असे समजावे. ही खूण दुर्लक्षिली, तर अरुंद वळणावर गाडी आपोआप पुढे झेपावते.

स्विचच्या पेटीत आतून एक बारीक खुंटी असते व ती हँडलच्या छिद्रात बसते. बाजारात मिळणाऱ्या डुप्लिकेट हँडलला हे छिद्र नसल्यास काही मिस्त्री खुंटीच घासून टाकतात. मग हॉर्न वाजवताना सबंध पेटी फिरते आणि कालांतराने तारा तुटतात. छिद्र जुन्या हँडलवरून मोजून पाडणे हा त्यावरील योग्य उपाय होय. अनेक कंपन्यांच्या हँडलवर ठिपक्याची खूण असते. ती क्लॅम्पच्या कडेशी जुळवून बोल्ट गाडीच्या माहितीपुस्तिकेतील क्रमाने व बळाने आवळतात.

वाकलेले हँडल सरळ करून वापरण्याची पद्धत तालुक्याच्या गॅरेजांत सर्रास आहे. पोलादी नळीचा किरकोळ बाक एकदा काढला तर चालून जाते, परंतु चुणी पडलेली किंवा आतून गंजलेली नळी टाकूनच द्यावी. ॲल्युमिनियमचे हँडल सरळ करणे सर्वथा त्याज्य, कारण त्यात पडलेली सूक्ष्म भेग बाहेरून दिसत नाही आणि ते पुढे एकाएकी तुटते. हँडल खरोखर वाकले आहे का, हेही आधी तपासावे लागते. पडलेल्या गाडीत हँडल शाबूत राहून शॉकअप टीमध्ये, म्हणजे त्यांना वर एकत्र धरणाऱ्या पकडीत, पिळले जाण्याचा प्रकार वारंवार घडतो. अशा वेळी चाक सरळ असताना हँडल तिरके दिसते आणि गिऱ्हाईक नाहक नवे हँडल विकत घेते. जाणता मिस्त्री आधी टीचे बोल्ट सैल करतो, समोर उभा राहून पुढचे चाक दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरतो आणि हँडलला हलके झटके देत ते चाकाच्या रेषेत आणतो. त्यानंतरही एक मूठ वर व एक खाली राहिली, तरच दोष नळीचा मानावा.

कायद्याच्या दृष्टीने मूळ मापाचे हँडल बसवणे ही दुरुस्ती ठरते. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 अन्वये नोंदणी प्रमाणपत्रातील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने विनापरवाना फेरफारास दर फेरफारामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. खांद्याच्याही वर जाणारी हँडले यामुळे वादग्रस्त ठरू शकतात.

मुठी हा गौण भाग असला तरी चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की उन्हात उभ्या गाडीच्या हलक्या रबरी मुठी चिकट होतात. त्यांवर फडके गुंडाळण्याची रीत आहे. उजव्या मुठीवरील फडके ॲक्सिलेटर परत फिरताना अडकणार नाही इतके आखूड ठेवतात.