होमर : सिप कॉलचे निरीक्षण व कंटेनरमधील उभारणी

इंटरनेट प्रोटोकॉलवर चालणाऱ्या दूरध्वनी-जाळ्यातील संकेत-संदेश टिपून ते एका ठिकाणी साठवणारी व कॉलनिहाय जुळवून दाखवणारी मुक्तस्रोत प्रणाली. सिपकॅप्चर या प्रकल्पात ती विकसित झाली. पाचव्या आवृत्तीपर्यंत संदेश गोळा करण्याचे काम कामाईलियो हा सिपचा (कॉल जोडण्या-तोडण्याचे संदेश ठरवणाऱ्या प्रोटोकॉलचा) सर्व्हर करी आणि साठवण प्रामुख्याने मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये होई. सातव्या आवृत्तीत त्यांची जागा गो भाषेत लिहिलेल्या हेप्लिफाय-सर्व्हर या संग्राहकाने आणि पोस्टग्रेस या डेटाबेसने घेतली. संग्राहक, डेटाबेस, वेब-पृष्ठ आणि आलेखांसाठी ग्राफाना असे सुटे भाग असल्यामुळे ही प्रणाली डॉकर कंटेनरांचा, म्हणजे एकाच यंत्रावर एकमेकांपासून अलग चालणाऱ्या सॉफ्टवेअर-कप्प्यांचा, संच म्हणून उभारण्याची पद्धत रुळली आहे.

अशा निरीक्षणाची गरज सिपच्या घडणीतून येते. आरएफसी ३२६१ (२००२) या मानकानुसार ‘इन्व्हाइट’ संदेशाने कॉल मागितला जातो, १८० या उत्तराने घंटा वाजते, २०० ने कॉल उचलला जातो आणि ‘बाय’ने संपतो; आवाज मात्र आरटीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलच्या वेगळ्या वाटेने जातो. म्हणून कॉल लागतो, बिल चालू होते आणि एकाच बाजूला आवाज येतो, असे घडू शकते. टिपलेला ‘इन्व्हाइट’ उघडला, की कारण बहुधा समोरच असते : आवाज कोठे पाठवायचा ते सांगणाऱ्या ओळीत फोनने १९२.१६८.१.२० असा घरगुती जाळ्यातला पत्ता लिहिलेला असतो, मधल्या एकाही सर्व्हरने तो बदललेला नसतो, आणि पलीकडची बाजू त्या पत्त्यावर आवाज पाठवत राहते. सर्व्हरच्या लॉगमध्ये हा कॉल यशस्वी म्हणूनच नोंदलेला असतो.

टिपलेला संदेश संग्राहकाकडे नेण्यासाठी हेप हा प्रोटोकॉल वापरतात. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीतील पॅकेटच्या आरंभी ‘HEP3’ ही चार अक्षरे आणि एकूण लांबी असते; पुढे लहान लहान खंड येतात व प्रत्येक खंडाला सहा बाइटांचे शीर्ष असते. मूळ पॅकेट कोणत्या पत्त्यावरून कोठे गेले, कोणत्या पोर्टवरून गेले आणि सेकंद-मायक्रोसेकंदांत नेमके केव्हा दिसले, हे सारे या खंडांत लिहिलेले असते. शेवटी मूळ संदेश जसाच्या तसा जोडतात. कंटेनरमधील उभारणी निभावते ती याच रचनेमुळे. डॉकरच्या ब्रिज जाळ्यात, म्हणजे कंटेनरांसाठी यंत्राच्या आत उभारलेल्या आभासी जाळ्यात, पत्त्यांचे भाषांतर होते आणि बाहेरून आलेल्या पॅकेटचा प्रेषक बदललेला दिसू शकतो. परंतु खरा पत्ता पाकिटावर नसून आतल्या पत्रात असल्यामुळे संदेशांचा क्रम दाखवणाऱ्या कॉलच्या आकृतीला त्याची बाधा होत नाही.

टिपणाऱ्या घटकाची, म्हणजे एजंटाची, गोष्ट वेगळी आहे. तो जाळ्यावरचे कच्चे पॅकेट ऐकतो. ब्रिजवरच्या कंटेनरात ठेवला तर त्याला स्वतःच्या आभासी तारेपलीकडचे काहीच ऐकू येत नाही. त्यासाठी यजमान यंत्राचेच, म्हणजे कंटेनर ज्यावर चालतात त्या यंत्राचेच, जाळे त्याला द्यावे लागते आणि कच्चे पॅकेट वाचण्याची विशेष परवानगीही. सिप टीएलएस या सांकेतिकीकरणाने झाकलेले असेल तर एवढे करूनही हाती केवळ सांकेतिक बाइट लागतात. तेव्हा कामाईलियो, ओपनसिप्स, फ्रीस्विच किंवा अ‍ॅस्टेरिस्क या दूरध्वनी-सर्व्हरांतील अंगभूत हेप सुविधा चालू करणे हा सरळ मार्ग आहे, कारण सर्व्हरने संदेश उलगडल्यानंतरची प्रत तेथून मिळते.

संग्राहक सहसा यूडीपी ९०६० या पोर्टवर ऐकतो आणि वेब-पृष्ठ ९०८० वर उघडते. यूडीपीमुळे, म्हणजे आधी जोडणी न करता पॅकेट पाठवण्याच्या पद्धतीमुळे, एक चकवा निर्माण होतो. जुना कंटेनर मोडून नवा उभा केला, तरी एजंट त्याच पोर्टवरून अखंड पाठवत असल्याने यजमानाच्या कर्नलमधील (कार्यप्रणालीच्या गाभ्यातील) जोडणी-नोंद मुदत संपून पुसली जात नाही, आणि पॅकेट मोडलेल्या कंटेनरच्या पत्त्याकडे वळत राहतात. सर्व कंटेनर चालू, लॉगमध्ये एकही चूक नाही, पडदा मात्र रिकामा. डॉकरच्या जुन्या आवृत्त्यांत हा दोष विशेष जाणवे. ती नोंद हाताने पुसणे किंवा संग्राहकालाही यजमानाचे जाळे देणे हे त्यावरचे उपाय होत.

घड्याळाबाबतही गैरसमज आढळतो. कंटेनरला स्वतःचे घड्याळ नसते, तो यजमानाचेच वापरतो; कंटेनरात वेळ-विभाग बदलल्याने केवळ वेळ दाखवण्याची रीत बदलते. त्यातही संदेशावरची वेळ संग्राहकाची नसून एजंटाची असते. दोन एजंटांच्या यंत्रांत अर्ध्या सेकंदाचा फरक पडला तरी आकृतीत उत्तर आधी आणि प्रश्न नंतर असे दिसू शकते. त्यामुळे प्रत्येक एजंटाच्या यंत्रावर घड्याळे जुळवणारी एनटीपी सेवा चालू ठेवणे अत्यावश्यक ठरते.

साठवणुकीचा हिशेब आधीच मांडलेला बरा. एका साध्या कॉलमध्ये सात संदेश असतात आणि मधल्या प्रॉक्सीच्या (संदेश पुढे पाठवणाऱ्या सर्व्हरच्या) दोन्ही बाजू टिपल्या की चौदा होतात. सेकंदाला १० कॉल धरले तर दिवसाला १ कोटी २० लाखांवर नोंदी, आणि प्रत्येकी ७०० बाइट मोजल्यास अनुक्रमणिका वगळून सुमारे साडेआठ गिगाबाइट. हेप्लिफाय-सर्व्हर तक्ते वेळेनुसार खंडित ठेवतो आणि ठरवलेले दिवस उलटले की एकेक ओळ न पुसता जुना खंडच टाकून देतो. डेटाबेसची फाइल-जागा कंटेनरबाहेरच्या व्हॉल्यूमवर, म्हणजे कंटेनर मोडला तरी टिकणाऱ्या साठ्यावर, असावी लागते. पोस्टग्रेसची प्रतिमा, म्हणजे कंटेनर ज्यावरून उभा राहतो तो तयार साचा, ‘लेटेस्ट’ या खुणेने न घेता आवृत्तीच्या अंकाने घ्यावी, कारण मुख्य आवृत्ती बदलली की नवा पोस्टग्रेस जुन्या फाइलींवर सुरू होण्यास नकार देतो. कंटेनरांचा संच एकत्र चालवणाऱ्या डॉकर कंपोझची ‘डाउन’ आज्ञा व्हॉल्यूम पुसण्याच्या पर्यायासह दिली, तर सारा इतिहास विनाप्रश्न जातो. खुद्द डॉकरच्या लॉग-फाइलींना मूळ मांडणीत मर्यादा नसते, तेव्हा डिस्क कॉलनोंदींऐवजी त्यांनीच भरली, असेही होते.

सुरक्षेच्या बाबतीत कंटेनर फसवी निश्चिंती देतात. डॉकर प्रसिद्ध केलेल्या पोर्टसाठी लिनक्सच्या आयपीटेबल्स या पॅकेट-गाळणीत स्वतःचे नियम घालतो, त्यामुळे उबुंटूच्या यूएफडब्ल्यू या फायरवॉलने बंद ठेवलेले पोर्टही बाहेरून उघडे राहू शकते. त्या पोर्टमागे प्रणालीचा सर्वज्ञात मूळ पासवर्ड न बदललेला असला, तर कोणी कोणाला केव्हा फोन केला याची वहीच उघड्यावर पडते. त्या वहीत क्रमांकांपेक्षाही नाजूक मजकूर असतो. ‘इन्फो’ संदेशांतून पाठवलेली बटणे, म्हणजे बँकेच्या ध्वनिसूचनांवर दाबलेला पिनसुद्धा, तीत वाचता येतात. आणि आवाज एसआरटीपीने (आरटीपीच्या सांकेतिक रूपाने) झाकलेला असला तरी किल्ल्या सिप संदेशातच पाठवण्याची पद्धत असेल, तर ते कुलूप उघडणारी किल्लीही त्याच तक्त्यात साठलेली असते.