साथीत शिकलेले डॉक्टर पुढे कुठे जातात?

2021 च्या मे महिन्यात, तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून निघून गेल्यानंतरच्या दिवसांत, तिथल्या एका कोविड केअर सेंटरमध्ये इंटर्नशिप करणारी एक मुलगी मासे विकणाऱ्या एका आजींच्या बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावत होती आणि यंत्रावर आकडा काही केल्या येत नव्हता. खाऱ्या पाण्याने आणि बर्फाने वर्षानुवर्षे राठ झालेली ती बोटे त्या वेळी गारही पडली होती. ऑक्सिमीटर बोटातून लाल आणि अवरक्त असा दोन तऱ्हांचा प्रकाश पाठवतो. ऑक्सिजन धरलेले हिमोग्लोबिन आणि न धरलेले हिमोग्लोबिन हा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात, आणि त्या फरकावरून यंत्र हिशेब मांडते. बोटातला रक्तप्रवाहच मंदावला असेल, तर त्या हिशेबाला काही हाती लागत नाही. मुलीने आजींचा हात आपल्या दोन्ही तळव्यांत धरून चोळला, दुसरे बोट घेतले, आणि आकडा आला 89. आजी मात्र म्हणत होत्या, "माका काय होवक नाय, गो बाय."

आजी खोटे बोलत नव्हत्या. धाप लागल्याची जाणीव आपल्याला मुख्यतः रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे होते. कोविडच्या न्यूमोनियात सुरुवातीला तो नीट बाहेर पडत राहतो, म्हणून ऑक्सिजन 94 टक्क्यांच्या खाली उतरला तरी माणूस गप्पा मारत बसलेला दिसतो. हे त्या मुलीने पुस्तकात वाचले होते. पण रुग्णाच्या तोंडचे वाक्य आणि यंत्रावरचा आकडा यांत आकड्यावर विश्वास ठेवून वरिष्ठांना हाक मारायची, हा निर्णय तिने आयुष्यात पहिल्यांदा त्या दुपारी घेतला. ही हकिकत तिनेच मला नंतर सांगितली. तेव्हापासून मला एक प्रश्न पडलेला आहे: असा अनुभव घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या मनात स्वतःच्या पुढच्या वाटचालीविषयी नेमके काय बदलते, आणि जे बदलते ते टिकते का?

साथीच्या काळात वैद्यकीय विद्यार्थ्यांना प्रश्नावल्या देऊन त्यांचा कल जाणून घेण्याचे प्रयत्न अनेक देशांत झाले. अशा पाहण्या उपयोगी असतात, पण त्या वाचताना सावध राहावे लागते. ऑनलाइन प्रश्नावली भरण्याची तसदी जे घेतात ते बहुधा ज्यांना या विषयाविषयी तीव्रतेने काही वाटते तेच असतात, शिवाय "संकटात सेवा करायला आवडेल का?" या प्रश्नाला नाही म्हणणे भावी डॉक्टरला अवघड जाते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एकदाच विचारलेला प्रश्न त्या घडीचा इरादा सांगतो, पाच वर्षांनंतरची कृती सांगत नाही. अमेरिकेत 2021 च्या प्रवेशासाठी वैद्यकीय महाविद्यालयांकडे अर्ज करणाऱ्यांची संख्या सुमारे 18 टक्क्यांनी वाढली, तेव्हा साथीने तरुणांना या पेशाकडे खेचले असा निष्कर्ष घाईने काढला गेला. पुढच्याच वर्षी ती संख्या सुमारे 12 टक्क्यांनी घसरली.

मग टिकते ते काय? या बाबतीत 1952 सालच्या कोपनहेगनची गोष्ट मला फार बोलकी वाटते. त्या उन्हाळ्यात तिथे पोलिओची भयंकर साथ आली. पहिल्या तीन आठवड्यांत श्वसनयंत्रावर ठेवलेल्या 31 रुग्णांपैकी 27 दगावले. 27 ऑगस्टला ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छेद देववून नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिच्या फुप्फुसांत हवा भरली. मुलगी वाचली. पण असे रुग्ण पुष्कळ होते आणि पिशवी तर रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे दाबत राहावी लागणार होती. तेव्हा सुमारे 1,500 वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी बसले आणि त्यांनी आपल्या हातांनी त्यांचे श्वास चालवले. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले, आणि पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी उभारलेल्या विभागातून आजच्या आयसीयूची परंपरा सुरू झाली. विद्यार्थ्यांना तिथे केवळ पाहण्यासाठी उभे केले नव्हते. काम साधे होते, शिकवून दिलेले होते, शेजारी जाणकार डॉक्टर होता, आणि त्या कामावाचून रुग्ण जगणार नव्हता.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांनी 1977 मध्ये स्वक्षमतेवरील विश्वासाची जी कल्पना मांडली, ती इथे लागू पडते. एखादे काम आपल्याला जमेल असा विश्वास माणसाला उपदेशाने थोडाफार येतो, दुसऱ्याला करताना पाहून त्याहून अधिक येतो आणि स्वतः केलेल्या कामाला यश आले की सर्वांत घट्ट बसतो. व्यवसायनिवडीविषयी 1994 मध्ये मांडल्या गेलेल्या एका सिद्धान्ताने याच विश्वासाला केंद्रस्थानी ठेवले: मला हे जमते का, यातून मला काय मिळेल, आणि माझ्या भोवतालची परिस्थिती मला ते करू देईल का, या तीन प्रश्नांवर माणसाची वाट ठरते. साथ पहिल्या प्रश्नाचे उत्तर बदलू शकते. उरलेल्या दोहोंवर तिची सत्ता फारशी चालत नाही.

आपल्याकडे काय झाले ते या चौकटीत पाहावे. साथीच्या सुरुवातीला बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्यांना घरी पाठवले गेले. मग दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, 3 मे 2021 रोजी केंद्र सरकारने नीट-पीजी ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा किमान चार महिने पुढे ढकलली, इंटर्न्सना प्राध्यापकांच्या देखरेखीखाली कोविडच्या कामावर घ्यावे आणि अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून सौम्य लक्षणांच्या रुग्णांची दूरध्वनीवरून विचारपूस करून घ्यावी असे ठरवले, आणि शंभर दिवस काम केलेल्यांना सरकारी भरतीत प्राधान्य देऊ केले. एप्रिलची परीक्षा शेवटी 11 सप्टेंबरला झाली. त्या महिन्यांत, कोकणातल्या दमट उकाड्यात पीपीई किट घालून घामाने निथळणाऱ्या मुलांच्या पिशव्यांत सरावप्रश्नांची पुस्तके होती, हे विसरून चालणार नाही. वैद्यकीय विद्यार्थ्यांमध्ये नैराश्याची लक्षणे साथीच्या आधीपासूनच बरीच आढळतात. 2016 च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय आढाव्यात हे प्रमाण सुमारे 27 टक्के निघाले होते. थकलेल्या मुलाला आदर्शवादाचे डोस पाजून काही साधत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

शाखेच्या निवडीबाबत थोडक्यात सांगायचे तर साथीने पीएसएम, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्र, हा एरवी दुर्लक्षित विषय सर्वांच्या नजरेस आणला. कोकणात तो कधीच अनावश्यक नव्हता: दोडामार्गात 2016 पासून गोचिडींमार्फत पसरणारा माकडताप आहे, आणि भातलावणीच्या दिवसांत लेप्टो या तापाची धास्ती असते. पण विषय दिसू लागणे वेगळे आणि पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी तो निवडणे वेगळे. तिथे गुणक्रमांक, घरची अपेक्षा आणि पुढचे उत्पन्न बोलते.

काम कुठे करायचे, हा जागेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि आम्हा कोकणवासीयांच्या तो जिव्हाळ्याचाही आहे. गंभीर रुग्णाला सिंधुदुर्गातून गोव्यात बांबोळीला आणि रत्नागिरीतून कोल्हापूरला किंवा मुंबईला हलवायचे, ही आमच्या अंगवळणी पडलेली गोष्ट. ग्रामीण भागात डॉक्टर टिकावेत म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये ज्या शिफारशी केल्या, त्यांत ग्रामीण पार्श्वभूमीच्या मुलांना प्रवेश देणे, महाविद्यालये महानगरांबाहेर काढणे आणि शिक्षणकाळातच खेड्यात काम देणे यांवर भर आहे. अलिबाग आणि सिंधुदुर्ग इथली सरकारी वैद्यकीय महाविद्यालये 2021-22 च्या शैक्षणिक वर्षापासून आणि रत्नागिरीचे 2023-24 पासून सुरू झाले, म्हणजे यातली दुसरी अट आता आपल्या हातात आली. राज्याचा एक वर्षाच्या सक्तीच्या सेवेचा बाँड डॉक्टरला गावात आणतो. ठेवून घेण्याचे काम त्याच्याने होत नाही.

त्या मुलीने पुढे भूलशास्त्र घेतले. त्या दुपारचा 89 हा आकडा आपल्याला तिकडे घेऊन गेला, असे ती मानते, आणि मला ते पटते. किनाऱ्यावरच्या एखाद्या रुग्णालयात परत येशील का, असे मी तिला विचारले, तेव्हा तिने हो किंवा नाही असे काहीच म्हटले नाही. तिथे आयसीयूच्या किती खाटा चालू आहेत, वादळात वीज गेली तर ऑक्सिजनची सोय किती तास पुरते, हे तिने आधी विचारून घेतले. मग म्हणाली, "भूलतज्ज्ञ मी एकटीच असेन, तर रात्री सिझेरियन चालू असताना दुसरा रुग्ण आला की त्याच्याकडे कोण बघेल?"