जिभेचा बंध आणि तोंडातील साध्या गाठी : शस्त्रोपचार

जिभेच्या खालून मुखतळापर्यंत श्लेष्मल पटलाची (तोंडातल्या ओलसर अस्तराची) एक घडी असते. ती आखूड, जाड किंवा अगदी जिभेच्या टोकापर्यंत आलेली असली, की जीभ वर उचलता वा ओठांबाहेर नीट काढता येत नाही. मूल जीभ बाहेर काढू लागले की टोकाला खाच पडते आणि जीभ पत्त्यांतल्या बदामासारखी दिसते. ‘जिभेचा बंध’ म्हणतात तो हा दोष जन्मजात असून मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त आढळतो.

घडी दिसली म्हणून ती कापायचीच असे नाही. तान्ह्या बाळाला स्तन नीट तोंडात धरता येत नसेल, आईची स्तनाग्रे दुखत किंवा चिरत असतील, तर आधी बाळाला पाजताना पाहावे लागते. पुष्कळदा बाळ धरण्याची पद्धत बदलल्यानेच काम भागते. वैद्यकीय चाचण्यांचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१७ मधील आढाव्यात पाच चाचण्यांतील ३०२ बाळांचा विचार झाला. बंध सोडवल्यावर आईच्या वेदना थोड्या काळापुरत्या कमी झाल्या. बाळाचे पिणे सुधारते, याचा मात्र एकसारखा पुरावा मिळाला नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२४ मध्ये सरसकट कापाकापीबद्दल सावध केले.

मूल उशिरा बोलते याचे खापर घरोघरी जिभेवर फुटते, ते बहुधा चुकीचे असते. बंधामुळे बोलणे लांबत नाही. फार तर र, ल, ळ, ट, ण असे जिभेचे टोक वर न्यावे लागणारे उच्चार अडखळतात. उशिरा बोलणाऱ्या मुलाची आधी श्रवणचाचणी करावी.

नवजात बाळावरची क्रिया मिनिटाभराची असते. जन्मल्यावर ‘के’ (K) जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले आहे ना, याची खात्री करतात. बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळून परिचारिका डोके धरते. डॉक्टर दोन बोटांनी किंवा खाच असलेल्या उपकरणाने जीभ उचलतात आणि पांढुरका पातळ पडदा बोथट टोकाच्या कात्रीने कापतात. रक्ताचे थोडे थेंब येतात. बाळाला लगेच अंगावर पाजतात. मोठ्या मुलांत व प्रौढांत घडी जाड असते. तेव्हा भूल देऊन आडवा छेद घेतात. जखम ताणली जाऊन पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची होते आणि ती उभी शिवली की जिभेला लांबी मिळते. लेझर वापरले म्हणून निकाल अधिक चांगला लागतो, असे सिद्ध झालेले नाही. त्यानंतर जिभेचे व्यायाम आणि गरजेप्रमाणे वाचाउपचार लागतात.

खोल कापणे धोक्याचे असते. न्यूझीलंडच्या निकी मिल्स व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये शवविच्छेदनातून दाखवले, की ही घडी म्हणजे सुटी दोरी नसून मुखतळाच्या आवरणाचाच उचललेला भाग आहे. जिभेच्या चेतातंतूच्या शाखा तिथे पृष्ठभागाच्या जवळ असतात. लाळग्रंथींच्या नलिकांची तोंडेही घडीच्या दोन्ही बाजूंना असतात.

तोंडातल्या साध्या गाठींत खालच्या ओठावरचा निळसर, मऊ फुगा नेहमी दिसतो. ओठ चावला गेल्याने सूक्ष्म लाळग्रंथीची नलिका तुटते व लाळ ऊतीत साचते. फुगा फुटतो, बसतो, पुन्हा भरतो. म्हणून शेजारच्या ग्रंथींसह काढावा लागतो. हाच प्रकार जिभेखाली मोठा झाला, तर नुसते पाणी काढून उपयोग होत नाही. जिभेखालची दोषी लाळग्रंथी (अधोजिव्हा ग्रंथी) काढल्यास गाठ उलटण्याची शक्यता बरीच घटते. सुश्रुताने वर्णिलेली, जीभ वर उचलणारी व लाळ गाळणारी ‘उपजिह्विका’ बहुधा हीच मानली जाते. ती खरवडून क्षार लावावा असे तो सांगतो.

गालाच्या आत दात लागतात तिथे येणारी तंतुमय गाठ मुळासकट काढतात, पण टोचणारा दात घासून गुळगुळीत केला नाही तर ती परत येते. गरोदरपणी हिरडीवर येणारी लाल, ब्रश लागताच रक्त येणारी गाठ अनेकदा बाळंतपणानंतर आक्रसते. फार त्रास नसेल तर थांबणे बरे. दाबल्यावर फिकट पडणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या गाठीला थेट सुरी लावू नये. टाळूच्या मध्यावरचा हाडाचा उंचवटा कवळी बसण्यात आड येत नसेल, तर काढत नाहीत.

काढलेली गाठ कितीही साधी दिसो, फॉर्मॅलिनमध्ये घालून ऊतिपरीक्षेला पाठवायचीच. महाराष्ट्रात तंबाखू, मावा, मिश्री यांचा वापर मोठा असल्याने, कर्करोग नाही ना याची खात्री करण्यासाठी हे अधिकच लागू पडते. तीन आठवड्यांत न भरणारा व्रण किंवा पुसून न जाणारा पांढरा चट्टा या साध्या गाठींत मोडत नाही. सुपारी व गुटख्यामुळे तोंडाच्या अस्तराखाली तंतू साचले की तोंड उघडेनासे होते व जीभही आखडते. तो वेगळा आजार आहे. त्यात जिभेचा बंध कापून काही साधत नाही.