तगर दारातली, तगर पुडीतली

परवा व्हॉट्सॲपवर पुन्हा तोच फोटो. पांढरीशुभ्र तगरीची फुलं आणि खाली, ‘झोप येत नाही? तगरीचं मूळ उकळून प्या.’ मजकूर वैद्याचा, फोटो कुंपणावरचा. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी हे वाचून फाटकाजवळची तगर खुरप्याने उकरायला घेतली होती. तेव्हापासून त्या फोटोशी माझं वैर आहे.

दारातली तगर तुम्हाला काय सांगायची! पूजेची फुलं, एकेरी नि दुहेरी. एवढंच बघा की पान तोडलं की पांढरा चीक येतो. ही कण्हेर-सदाफुलीच्या कुळातली. मुळांत, खोडात अल्कलॉइड्स, म्हणजे शरीरावर जोरकस परिणाम करणारी रसायनं भरलेली. तिचा काढा घरी करायचा नाही.

वैद्य झोपेसाठी देतात ती तगर म्हणजे वेगळंच झाड, मुळात हिमालयातलं, साधारण १५०० ते ३००० मीटर उंचीवरचं. बुटकं रोप, हृदयाच्या आकाराची पानं. औषधात वापरतात ते तिचं जमिनीखालचं गाठाळ खोड, म्हणून काष्ठौषधीच्या दुकानात हिला तगरगंठोडा म्हणतात. हा शब्द पाठ करा, नुसतं ‘तगर द्या’ म्हणू नका. पुडी उघडली की नाकच निवाडा देतं : दोन दिवस बुटात राहिलेल्या मोज्यांचा वास. तो आयसोव्हॅलेरिक आम्लाचा, गाठी वाळतात तसा वाढत जातो. बिनवासाची पूड मी सरळ परत करतो. कॅप्सूल तर मला मुळीच पटत नाही. एवढी हुकमी खूणच तिच्यात झाकली जाते.

युरोपातली व्हॅलेरियन ही हिची बहीण. झोपेवरचे बहुतेक अभ्यास त्या बहिणीवर झालेत आणि त्यांचंही एकमत नाही, तेव्हा ‘रामबाण’ वगैरे राहू द्या. काहींना गाढ झोप लागते, काहींना फक्त वास लक्षात राहतो. झोपेच्या गोळ्या किंवा दारूच्या जोडीला गंठोडा नको, गुंगी वाढते. गरोदरपणी नाहीच. मात्रा वैद्याला विचारून.

जटामांसी या दुसऱ्या वनौषधीशी होणारा घोळ त्यामानाने किरकोळ, आणि त्यात दोष शास्त्रीय नावाचा. गंठोडा म्हणजे व्हॅलेरियाना जटामांसी, खरी जटामांसी म्हणजे नार्डोस्टॅकिस जटामांसी. जटामांसीला नावाप्रमाणे तपकिरी केसांच्या जटा असतात, गंठोडा बोडका. दुकानदाराने दोन्ही एकाच बरणीतून काढून दिले, तर दुकान बदला.