श्रावणातले पहिले तीन दिवस

गटारीच्या रात्री प्रत्येक टोळक्यात एक दादा असतो. बाकीचे आडवे झाले तरी हा ताठ. उरलेला चकणा पिशवीत भरतो, सगळ्यांना रिक्षात बसवून देतो. 'दादाची कपॅसिटी जबरदस्त!' मला मात्र आडव्या पडलेल्यांपेक्षा या दादाचीच जास्त काळजी वाटते.

न चढणं ही ताकद नव्हे. रोज पिणाऱ्याचं यकृत दारू जरा लवकर जाळतं, हे खरं. पण खरी तडजोड होते मेंदूत. तिथे गाबा हे रसायन ब्रेकचं काम करतं आणि ग्लुटामेट ॲक्सिलरेटरचं. दारू गाबाचा ब्रेक दाबते आणि ग्लुटामेटचे एनएमडीए नावाचे ग्राहक (म्हणजे पेशीवरच्या, रसायनाचा निरोप पकडणाऱ्या जागा) दडपते. म्हणून जीभ सैल, पाय सैल. हे रोजचंच झालं की मेंदू उलट बाजूने जोर लावतो. गाबाचे ग्राहक बधिर होतात (त्यांच्यातला अल्फा-१ हा घटक कमी होऊन अल्फा-४ वाढतो), एनएमडीए ग्राहकांची संख्या वाढते. आता तीन पेग पोटात गेले की दादा जेमतेम 'नॉर्मल'वर येतो. पोलिसांच्या यंत्रात फुंकलं, तर आकडा मात्र लपत नाही. कायद्याची मर्यादा १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, कपॅसिटी कितीही असो.

मग श्रावण लागतो. 'महिनाभर थेंब नाही, म्हणजे मी बेवडा नाही,' असं म्हणणारे पुष्कळ. पण महिन्याचं सोडा, पहिले तीन दिवस बघा. दारू गेली, ॲक्सिलरेटर दाबलेलाच राहिला. शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत हात कापू लागतात. सकाळी चहाचा कप बशीवर वाजतो. घाम, धडधड, झोप नाही. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी एखाद्याला भिंतीवर किडे दिसतात, आणि घरचे अंगारा आणायला धावतात! ही बाहेरची बाधा नाही, जिवावर बेतणारी अवस्था आहे. एसटी स्टँडवर जाहिरात असलेली, चहातून गुपचूप द्यायची पुडीही इथे कामाची नाही. त्या पुडीत काय असतं, ते कुणी सांगत नाही.

जॉन युइंग या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांची चार प्रश्नांची चाचणी १९८४ साली प्रसिद्ध झाली. कमी करावी असं कधी वाटलं? कुणी बोललं की राग येतो? मनाला खातं? सकाळी डोळा उघडायला लागते? दोन 'हो' आले की डॉक्टर गाठावा. चौथ्याचं 'हो' मला एकट्यानेच पुरेसं वाटतं, कारण तो प्रश्न त्या वाजणाऱ्या कपाबद्दलच आहे.

असा माणूस झटक्यात सोडायला निघाला, तर ते डॉक्टरांच्या नजरेखालीच व्हायला हवं. ते गाबावरच काम करणारी गोळी काही दिवस देऊन हळूहळू उतरवतात, सोबत बी-१ जीवनसत्त्व. पाय मोडून ॲडमिट झालेल्या दादाचाही हा श्रावणच असतो; तिथे 'थोडी घेतो' म्हणून भागत नाही. रोज किती आणि शेवटचा पेग किती वाजता, हे नीट सांगावं. नर्सचं घड्याळ तिथून सुरू होतं.