सीबीसीच्या कागदावरचे दोन आकडे

गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) ओपीडीबाहेर प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल धरून बसलेल्या कुणाच्याही कागदांत सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा अहवाल, असतोच. हिमोग्लोबिन किती, एवढं बघून आपण तो परत पिशवीत घालतो. त्याखाली न्यूट्रोफिल्स ७८, लिम्फोसाइट्स १३ असं काही छापलेलं असतं. या दोन्ही पांढऱ्या पेशी, आकडे टक्क्यांत. पहिल्याला दुसऱ्याने भागा, ६ येतात. हा भागाकार म्हणजे 'एनएलआर' (न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट रेशो). जठराच्या कॅन्सरमध्ये रुग्णाचं पुढे कसं जाईल याचा अंदाज बांधताना तो पाहिला जातो. त्यासाठी वेगळी सुई नाही, वेगळे पैसे नाहीत.

कॅन्सरचं दाहाशी, म्हणजे शरीरातल्या सुजेशी, नातं आहे ही मुळातली कल्पना मात्र फार जुनी. १८६३ मध्ये जर्मनीत रुडॉल्फ फिर्शो यांना कॅन्सरच्या गाठींत पांढऱ्या पेशी दिसल्या. दाह जिथे वर्षानुवर्षं धुमसतो तिथे कॅन्सर उगवतो, असं त्यांनी मांडलं. (पणजीतल्या एश्कोला मेदिकाला, म्हणजे आजच्या गोमेकॉच्या पूर्वजाला, तेव्हा २१ वर्षं झाली होती.) पुढे बराच काळ ते म्हणणं मागे पडलं.

दाह मोजायची साधनं मधल्या काळात आली, पण दुसऱ्याच कामांसाठी. वेस्टरग्रेननी १९२१ मध्ये ईएसआरची पद्धत बसवली: बारीक उभ्या नळीत रक्त ठेवायचं आणि तासाभरात लाल पेशी किती खाली बसल्या ते पाहायचं. १९३० मध्ये न्यूयॉर्कमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सीआरपी हे दाहात वाढणारं प्रथिन सापडलं.

फिर्शोंची बाजू पुन्हा उभी केली ती जठरानेच. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थला वॉरन आणि मार्शल यांनी जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर हा जंतू वाढवून दाखवला. लोकांना पटेना, तेव्हा मार्शल यांनी १९८४ मध्ये ते जंतू स्वतःच पिऊन जठराला सूज आणली. असा हट्ट डॉक्टरांत विरळाच! १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने हा जंतू कॅन्सरकारक ठरवला.

आकडेमोडही त्याच सुमारास सुरू झाली. १९८४ मध्ये जपानच्या ओनोदेरांनी अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) आणि लिम्फोसाइट्स यांचं गणित मांडलं, ते पोटाची शस्त्रक्रिया पेलेल का, हे आधी कळावं म्हणून. २००१ मध्ये स्लोव्हाकियाच्या झाहोरेक यांनी न्यूट्रोफिल-लिम्फोसाइटचा भागाकार पुढे आणला, तोही अतिदक्षता विभागातल्या रुग्णांसाठी. २००३ मध्ये ग्लासगोत सीआरपी आणि अल्ब्युमिन जोडून गुण द्यायची पद्धत निघाली. २००७ मध्ये जपानमधून पसरलेल्या जठर-कॅन्सरबद्दल अहवाल आला: भागाकार मोठा, तर आयुष्य कमी.

असं का? गाठीतून सुटणारं इंटरल्युकिन-६, म्हणजे दाहाचा निरोप नेणारं प्रथिन, यकृताला सीआरपी वाढवायला लावतं, अल्ब्युमिन घटवतं. न्यूट्रोफिल्स गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात. गाठीशी झुंजणाऱ्या लिम्फोसाइट्स मात्र रोडावतात. म्हणजे हा आकडा गाठीचा आकार सांगत नाही, शरीर तिला कसं तोंड देतंय ते सांगतो.

तरी एकट्या आकड्यावर कुणी निर्णय घेत नाही. आजाराची पायरी (स्टेज) आधी बघितली जाते. 'मोठा' म्हणजे किती यावरही एकमत नाही: कुठे २.५ धरतात, कुठे ५. शिवाय साधा ताप किंवा जंतुसंसर्ग असला तरी न्यूट्रोफिल्स चढतात. केमोआधी उलटी होऊ नये म्हणून देतात त्या डेक्सामेथासोननेही चढतात. म्हणून हिशेबाला उपचार सुरू होण्याआधीचा सीबीसी घेतात.